वडील अनेकवचनी

आमच्या वर्गात सगळ्यांचे वडील अनेकवचनी होते आणि आई एकवचनी. हा नियम आम्हांला कुणी शिकवला नव्हता, तो दुधाबरोबरच पोटात गेलेला. आई म्हणजे ती. ती आली, ती गेली, ती रागावली. वडील म्हणजे ते. ते आले, ते गेले, ते रागावले. त्यामुळे नववीत इंग्रजीच्या सरांनी फळ्यावर ‘माय फादर’ लिहून पुढचं वाक्य विचारलं की अख्खा वर्ग एका सुरात म्हणायचा, ‘माय फादर आर अ फार्मर.’ आणि त्याच दमात, ‘माय मदर इज अ हाउसवाइफ.’ आईचं वाक्य दर वेळी बरोबर यायचं. वडिलांचं दर वेळी चुकायचं.

सर भोरचे. तिथून मोटरसायकलवरून आमच्या खोऱ्यात यायचे, पावसाळ्यात रेनकोटासकट वर्गात शिरायचे आणि पहिल्या बाकावरच्या मुलींची दप्तरं ओली करायचे. माणूस तापट, पण मनानं वाईट नाही. सोमवारी शब्दार्थ, मग आठवडाभर धडा ओढत न्यायचा आणि शनिवारी सकाळच्या शाळेत परिच्छेद लिहून घ्यायचा, असा त्यांचा शिरस्ता होता. शनिवारच्या त्या तासाला वर्ग अर्धा झोपेत असायचा. काहींच्या पायाला भातखाचरातला चिखल तसाच असायचा, कारण शाळेआधी घरचं काहीतरी उरकून आलेले. अशा वर्गाला जागं करायला सरांकडे एक हुकमी प्रश्न होता.

‘माय फादर आर’ म्हणणाऱ्याला ते उभं करायचे आणि विचारायचे, ‘‘तुला वडील किती?’’

‘‘एकच, सर.’’

‘‘मग ‘आर’ कशाला? दोन-तीन असते तर गोष्ट वेगळी.’’

वर्ग फिदीफिदी हसायचा. उभा राहिलेला लाल व्हायचा, पण पुढच्या शनिवारी पुन्हा तेच लिहायचा. चूक डोक्यातली नव्हतीच, जिभेची होती. मोठ्या माणसाला एकेरी करायला जीभ वळायची नाही. सर समजावून सांगायचे, ‘‘अरे, इंग्रजांना बापाचा मान नसतो असं नाही. ते तो क्रियापदात ठेवत नाहीत, एवढंच.’’ आम्ही माना डोलवायचो. मान क्रियापदात नाही तर मग कुठे ठेवतात, हे काही आम्हांला कळलं नाही.

त्यातून ‘ही’ म्हणजे तो आणि ‘शी’ म्हणजे ती. हे तर आम्हांला पटतच नव्हतं. गावात कुठलाही गडी ‘ही’ म्हणाला की तो बायकोबद्दल बोलतोय हे शेंबड्या पोरालाही कळतं. माझी बाकावरची मैत्रीण म्हणायची, ‘‘पुरुषाला ही आन् बाईला शी! इंग्रज येडंच व्हतं का काय?’’

एका शनिवारी सरांनी परिच्छेद दिला, ‘माय फादर’. लिहून झाल्यावर ते बाकांमधून फिरत प्रत्येकाचा कागद बघू लागले. ‘आर’, पुन्हा ‘आर’, पुन्हा ‘आर’. सरांचा पारा चढत होता. ते माझ्यापाशी आले, कागद उचलला आणि थांबले. मला वाटलं, आता आपली पाळी.

‘‘उभी राहा,’’ सर म्हणाले. मी उभी राहिले. त्यांनी कागद मोठ्यानं वाचला. ‘‘माय फादर इज अ ड्रायव्हर. ही ड्राइव्ज अ टेम्पो. ही कम्स होम ऑन संडे.’’ मग वर्गाकडे वळून म्हणाले, ‘‘ऐकलंत? इज! ही ड्राइव्ज! एस लावलाय बघा. सगळ्या वर्गात हिला एकटीला जमलं. हिच्या घरी इंग्रजी बोलतात की काय?’’

टाळ्या वाजवायला लावल्या त्यांनी. टाळ्या वाजल्या. माझे कान पेटले होते. मैत्रिणीला वाटलं, कौतुकानं लाजतेय. आपल्या भाषेत लाजण्याला आणि लाज वाटण्याला शब्द एकच आहे, त्याचा मला त्या दिवशी फायदा झाला.

खरं असं होतं की मला व्याकरण कळलंच नव्हतं. मी लिहिताना सगळ्यांसारखंच मनातल्या मनात मराठीत म्हटलं होतं आणि त्याचं इंग्रजी केलं होतं. फरक एवढाच की माझ्या मनात आलं ते असं होतं: माझा बाप ड्रायव्हर आहे. तो टेम्पो चालवतो. तो रविवारी घरी येतो.

आमच्या घरात वडिलांना ‘तो’ म्हणायचे. पूर्वी नाही. पूर्वी आई त्यांना ‘हे’ म्हणायची. सगळ्या बायका म्हणतात तसं, नाव न घेता, आवाज थोडा खाली आणून. हे आलेत, ह्यांना चहा टाकते, ह्यांना विचारते. मी पप्पा म्हणायचे आणि तुम्ही-आम्ही करायचे. आजोबा वारले त्या दिवशी ते बदललं.

आजोबा सकाळी गेले. पप्पा त्या वेळी हायवेला टेम्पोवर होते. कामथडीला माल भरतोय असं सांगून गेलेले, आणि मोबाईल बंद. एकुलता एक मुलगा, त्याच्याशिवाय उचलायचं कसं? भावकीतला एक जण मोटरसायकल घेऊन शोधायला गेला. त्याला टेम्पो सापडला तो कामथडीत एका घरासमोर, आणि पप्पा त्या घरात, बनियनवर. आत एक बाई होती. ते घर भाड्याचं होतं आणि भाडं पप्पाच देत होते, हेही तिथेच कळलं. शोधायला गेलेल्यानं फोन केला तो आईला नाही, भावकीतल्याच एका चुलत्याला. पण अंगणात एवढी माणसं बसलेली. कुजबुज फिरायला कितीसा वेळ लागतो?

दुपार कलली तेव्हा एक म्हातारी आईला म्हणाली, ‘‘कुठवर आल्यात गं तुझं मालक? उन्हं उतरली.’’

आई भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, ‘‘येतोय तो. तुमी मडकं धरा तयार.’’

रडणाऱ्या बायकासुद्धा गप्प झाल्या. आईनं आवाज चढवला नव्हता, शिवी दिली नव्हती. एक शब्द बदलला होता. त्यानंतर तिनं तो पुन्हा कधी बदलला नाही. त्या दिवशी बायकांनी ऐकलं ते दुःखाच्या भरात निघालं असेल असं त्यांनी धरलं असावं, कारण बाहेर, चारचौघांत, आई त्यांचा विषयच काढायची नाही. पण घरात ‘तो’ कायमचा झाला. तो आला, त्याला वाढ, त्याचे कपडे वेगळे टाक. मीही आपोआप तसंच म्हणू लागले. समोर मात्र मला ‘तू’ म्हणवेना आणि ‘तुम्ही’ही म्हणवेना. म्हणून मी बिनकर्त्याची वाक्यं करायला शिकले. जेवायचं का? पाणी तापलंय. उद्या किती वाजता निघायचंय? मराठीत असं बोलत वर्षंच्या वर्षं काढता येतात, फक्त सवय लागते.

पप्पांचं दुसरं घर आहे हे खोऱ्यात सगळ्यांना ठाऊक होतं. त्याची मला लाज होती, पण ती उघडी लाज होती, तिची सवय झाली होती. आम्ही मायलेकी घरात त्यांना काय म्हणतो, हे मात्र कुणाला ठाऊक नव्हतं. ती लाज माझी स्वतःची होती. बाप कसाही असो, पोरीनं त्याला अरे-तुरे करणं म्हणजे पोरगीच वाया गेली, असं आमच्याकडे म्हणतात. आणि सरांनी नेमकं तेच भर वर्गात वाचून त्यावर टाळ्या घेतल्या होत्या. इंग्रजीत होतं म्हणून कुणाला कळलं नाही.

तो कागद सरांनी वर्गाबाहेरच्या फलकावर लावला. वर लाल शाईनं ‘उत्तम परिच्छेद’. एवढ्यावरच भागलं नाही. पुढच्या शनिवारपासून त्यांनी मला सगळ्यांचे ‘आर’ शोधायच्या कामाला लावलं. मी बाकाबाकाशी जाऊन एकेकाच्या वडिलांपुढचा ‘आर’ खोडायचा आणि वर ‘इज’ लिहायचा. करंटं काम. प्रत्येक खोडलेल्या ‘आर’बरोबर मला वाटायचं, मी आणखी एकाच्या बापाला आमच्या घरात आणून बसवतेय.

मैत्रिणीनं तर कागदावर हातच ठेवला. तिचे वडील दूध संकलनाला होते, ती त्यांना दादा म्हणायची.

‘‘दादांना इज?’’ ती म्हणाली. ‘‘मी न्हाई लिवनार. मार्क गेलं तर जाऊ देत.’’

‘‘अगं, इंग्रजीत चालतं.’’

‘‘तुला चालतं गं. तुला पयल्यांदाच कसं काय जमलं पन? मला सांग की.’’

तिनं सरळ मनानं विचारलं होतं. मी म्हटलं, ‘‘पाठ केलं व्हतं.’’ आणि पुढच्या बाकाकडे सरकले.

त्यानंतर मी एक मूर्खपणा केला. मला वाटलं, आपण पुन्हा सगळ्यांत मिसळून जावं. एका शनिवारी परिच्छेद होता ‘माय फॅमिली’. मी जाणूनबुजून, नीट वळणदार अक्षरात लिहिलं, ‘माय फादर आर अ ड्रायव्हर.’ सर आले, वाचलं आणि हताश होऊन कपाळाला हात लावला. नाटकी होते ते, हात अगदी जोरात मारून घेतला.

‘‘तूसुद्धा? ऊठ. आता तूच सांग वर्गाला. तुला वडील किती?’’

मी तोंड उघडण्याआधी मागच्या बाकावरून आवाज आला, ‘‘सर, वडील येकच हायत. घरं दोन हायत.’’

वर्ग हसला. आधी मागचे, मग सगळेच. हसू आवरत नाही तसं काही जण तोंड दाबून हसले, तेच मला जास्त लागलं. मैत्रीण हसली नाही. तिनं बाकाखालून माझी ओढणी घट्ट धरून ठेवली, जणू मी पळूनच जाणार होते. सर पहिल्यांदा त्या वाक्यावर हसायलाच लागले होते. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग वर्गाकडे, आणि त्यांना कळलं. भोरच्या माणसाला आमच्या खोऱ्यातलं कुठून माहीत असणार? त्यांच्या मानेपर्यंत रक्त चढलेलं मला दिसलं. ‘‘बस,’’ ते हळूच म्हणाले. मी बसले. तास संपायला बराच वेळ होता, तो त्यांनी फळा पुसण्यात आणि तारीख लिहिण्यात घालवला.

तो प्रश्न सरांनी पुन्हा कुणालाही विचारला नाही. कुणी ‘माय फादर आर’ म्हणालं की नुसतं ‘चूक’ म्हणायचे आणि पुढे जायचे. मला तर काहीच विचारायचे नाहीत. आधी जी माझ्याकडे बघून खडू उडवून बोलायची सवय होती तीही गेली. मला त्यांचा भयंकर राग आला. चिडवणाऱ्याला उलट बोलता येतं, कीव करणाऱ्याला काय बोलायचं? आणि गंमत बघा, प्रश्न बंद झाल्यावर महिन्याभरात वर्ग आपोआप सुधारला. सगळ्यांचे वडील एकवचनी झाले. मैत्रिणीचे दादासुद्धा ‘इज’ झाले, फक्त लिहून झाल्यावर ती कागदाला हात लावून नमस्कार करायची. घरी गेल्यावर त्यांचे वडील पुन्हा अनेकवचनी व्हायचे. हे त्यांना किती सहज जमत होतं! मला त्यांचा हेवा वाटायचा.

दिवाळीनंतर एका शनिवारी शाळा सुटल्यावर पालक सभा होती. आई भाताच्या काढणीला जाणार होती, ती येणार नव्हती. मला बरंच वाटलं. सभा सुरू झाली आणि फाटकाशी टेम्पो थांबला. पप्पा उतरले. इस्त्रीचा शर्ट, डोक्याला तेल. ते कधीच शाळेत आले नव्हते. कुणी सांगितलं त्यांना, देव जाणे. मी खांबाआड गेले. मागच्या बाकावरची पोरं एकमेकांना कोपरानं ढोसत होती.

सभेनंतर सर स्वतः त्यांच्याकडे गेले. मला वाटतं त्यांना त्या हसण्याची भरपाई करायची होती. ते जरा जास्तच बोलले. ‘‘तुमची मुलगी इंग्रजीत हुशार आहे बरं का. सगळ्यांत आधी हिनंच बिनचूक लिहिलं. आणि कशावर लिहिलं माहितीय? तुमच्यावर!’’ त्यांनी पप्पांना फलकापाशी नेलं. माझा परिच्छेद अजून तिथेच होता, उन्हानं पिवळा पडलेला.

पप्पांना इंग्रजी येत नाही. ते हात मागे बांधून, देवळात बघावं तसं त्या कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘‘सर, ह्यो आमाला मिळंल का?’’ सरांनी टाचण्या काढून कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो घडी करून खिशात ठेवला आणि खिशावर हात ठेवूनच फाटकापर्यंत चालत गेले.

मला टेम्पोत बसावं लागलं. जेवणाचा डबा मी समोर काचेखाली ठेवला. थोडं पुढे गेल्यावर, धरणाचं पाणी दिसायला लागतं तिथे त्यांनी टेम्पो कडेला घेतला, कागद काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, ‘‘वाच.’’

मी वाचला. भरभर, एका श्वासात.

‘‘आता मराठीत सांग.’’

कागदावर जे होतं ते मी कधीच मराठीत मोठ्यानं म्हटलं नव्हतं. मी कागदावरून नजर न काढता म्हटलं, ‘‘माझे वडील ड्रायव्हर आहेत. ते टेम्पो चालवतात. ते रविवारी घरी येतात.’’

त्यांनी कागद स्वतःकडे वळवला. मग कागदावर बोट ठेवून म्हणाले, ‘‘हितं काय हाय? ‘ते’ कुठाय?’’

‘‘हे हितं. ‘ही’.’’

‘‘ही?’’ ते हसले. ‘‘ही म्हंजी तुझी आई.’’

‘‘इंग्रजीत ही म्हंजे गडीमानूस.’’

‘‘आसं व्हय. म्हंजी तो?’’

मी कागद त्यांच्या हातात परत दिला. मग म्हटलं, ‘‘तो म्हनलं काय आन् ते म्हनलं काय. इंग्रजीत दोन्हीला येकच शब्द हाय.’’

त्यांनी पाण्याकडे बघितलं. ‘‘बरं हाय की मग,’’ ते म्हणाले. ‘‘लई बरं हाय.’’ कागदाची पहिल्याच घड्यांवर घडी केली, खिशात ठेवली आणि टेम्पो चालू केला. मला त्या घटकेला त्यांची दया आली, माया आली, आणि आपण त्यांना फसवलं असंही वाटलं. सगळं एकदमच.

शनिवारी ते घरी यायचे नाहीत, त्यांचा वार रविवार. म्हणून त्यांनी मला घराच्या चढाशी उतरवलं. मी पळतच वर गेले. आई खाचरातून नुकतीच आली होती, पदरानं तोंड पुसत होती.

‘‘लवकर आलीस?’’ ती म्हणाली. ‘‘यष्टी तर आजून गेली न्हाई.’’

‘‘टेम्पोनं आले.’’

‘‘कुनाच्या?’’

बिनकर्त्याच्या वाक्यांची एवढी माझी तयारी, पण या प्रश्नाला त्यातलं एकही चालेना. आई माझ्याकडे बघत होती. पप्पांच्या म्हटलं असतं तर तिला वाटलं असतं, पोरगी तिकडे वळली. खरं सांगते, एवढा विचारही मी केला नाही. रोजचाच शब्द तोंडात होता, तो बाहेर पडला.

‘‘त्याच्या,’’ मी म्हटलं. ‘‘त्यो आला व्हता शाळंत.’’

आईची नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली. मी वळले. पप्पा ओट्याच्या पायरीशी उभे होते. चढ चढून दम लागला होता त्यांना. हातात माझा डबा होता.

‘‘ऱ्हायला व्हता टेम्पोत,’’ ते म्हणाले. कुणाकडे बघून म्हणाले कोण जाणे. डबा ओट्यावर ठेवला, तेही आवाज होऊ न देता, आणि खाली गेले. जाताना त्यांचा हात खिशावर होता की नव्हता, ते मला आठवत नाही. मी ते आठवायचा फार प्रयत्न केला आहे.

आता मी पुण्यात नोकरी करते. दिवसभर इंग्रजीत लिहावं लागतं आणि ‘ही’च्या पुढे माझं क्रियापद कधी चुकत नाही. पप्पांचं कामथडीचं घर केव्हाच मोडलं. ते आता कायम आईजवळ असतात, टेम्पो विकला, गुडघे दुखतात. वर सगळीकडे मी त्यांना ‘ते’ लिहिलं आहे, हे वाचणाऱ्याच्या लक्षात आलं असेल. लिहायला सोपं जातं. परवा आईचा फोन आला होता. म्हणाली, ‘‘पाऊस लई हाय, तो भिजून आलाय.’’

‘‘जेवला का?’’ मी विचारलं.